जुनं 'पुष्पक' घेऊन वर्ष होत आलं: नागपूरच्या उन्हापावसातला अनुभव

कापडाचं विमान नागपूरच्या उन्हात टिकतं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर आधीच देऊन टाकतो. टिकतं, पण छपराखाली. उघड्यावर उभं करणार असाल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. हँगरमध्ये जागा पक्की होईपर्यंत मी विकणाऱ्याला फोनसुद्धा केला नव्हता. पुढे जे काही सुरळीत झालं, त्याचं निम्मं श्रेय या एका गोष्टीला.

विमान एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, पुष्पक. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली तयार झालेलं डिझाइन. घाटगे आपले कोल्हापूरकडचे, जर्मनीत प्रांटल या वायुगतीच्या शास्त्रज्ञाकडे शिकून आलेले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही याचं मला नवल वाटतं. मूळ कल्पना एरोंका चीफ या अमेरिकन विमानाची. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, पंखात लाकडी स्पार (पंखाची लांब तुळई), वरून कापड. शेजारीशेजारी दोन सीट, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन आणि शेपटीला छोटं चाक. एकेकाळी देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोरं यावरच शिकली.

बघायला जाताना एक निवृत्त मेकॅनिक काका बरोबर नेले होते. मी रंग बघत होतो. ते थेट शेपटीखाली आडवे झाले, टॉर्च लावून. "भाऊ, कापड तं दिसतेच. खालचं कोन पाहीन?" शेपटीवर बसणाऱ्या विमानात पाणी उताराने मागे जातं आणि खालच्या नळ्यांत साचतं. कापडाच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती रंगाने बुजलेली असली की नळी आतून गंजत राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. काकांनी एकेक छिद्र काडीने मोकळं केलं, नळीवर पेचकसाच्या मुठीने ठोकत आवाज ऐकला, मग कुठे पंखांकडे वळले. तिथे तपासणीच्या झाकणांतून आत टॉर्च धरायचा, तोही स्पारला जवळजवळ चिकटवून आडवा. सरळ प्रकाशात लाकडातली बारीक आडवी भेग दिसतच नाही. उजव्या स्पारवर एका ठिकाणी ते बराच वेळ थांबले. भेग नव्हती, वॉर्निश उडालं होतं. पण त्यावरून किंमत खाली आली.

कापडाची परीक्षा त्या मानाने सोपी. पंखांवर आणि पोटाला पॉलिएस्टर होतं, शेपटीच्या भागांवर मात्र जुनं सुती. विमानाचं सुती कापड नवीन असताना इंचाला ८० पौंड ताण सहन करतं. ५६ च्या खाली गेलं की काढून टाकायचं. त्यासाठी स्प्रिंगचं एक टेस्टर मिळतं, टोक कापडावर दाबायचं. दाबायचं मात्र वरच्या बाजूला, गडद रंगाच्या पट्ट्यावर, कारण ऊन तिथेच जास्त खातं. विकणारा पुन्हा पुन्हा खालची बाजू दाखवत होता! शेपटीचा उभा हलणारा भाग, म्हणजे रडर, नापास झाला, आडवा एलेव्हेटर काठावर. दोन्ही बदलायचं ठरलं.

इथे नागपूरची गंमत आहे. विमानतळाशेजारच्या मिहान औद्योगिक भागात बोइंगची अवाढव्य विमानं दुरुस्त होतात, पण रिबवर (पंखाच्या आडव्या फासळीवर) मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारत कापड शिवणारा माणूस शोधायला मला दोन राज्यांत फोन करावे लागले. शेवटी काकांनीच मनावर घेतलं, कागदांवर सही करायला परवानाधारक एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) वेगळे. पॉलिएस्टर चिकटवून झालं की इस्त्रीने ताणायचं असतं: आधी १२० अंशांच्या आसपास, मग १७५ पर्यंत, त्याच्या फार वर गेलं की कापड उलट सैल पडतं. घरच्या इस्त्रीच्या आकड्यांवर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक वेळी थर्मामीटर लावून बघत. इस्त्री फिरत गेली तशा सुरकुत्या आपोआप विरत गेल्या, आणि बोटाने टिचकी मारली तर कापड टणटण वाजायला लागलं. कापड घट्ट आणि जलरोधक करणाऱ्या डोप या रोगणाचा पहिला हात दिला तो जुलैत. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरी साय आली. मग पाऊस उघडून हवा कोरडी होईपर्यंत काम बंद. कुणी पावसाळ्यात रंगवून देतो म्हणालं तर हात जोडा.

आता उडवण्याबद्दल. माझ्या इंजिनाला स्टार्टर नाही, पुढचा पंखा (प्रोपेलर) हातानेच फिरवायचा. चाकांना ठोकळे, शेपटी दोराने बांधलेली, आत बसलेला माणूस माहितीचा. यात सूट नाही. विजेचं बाकी काही नसल्यामुळे रेडिओही बॅटरीवरचा. जमिनीवर नाकापुढचं दिसत नाही, टॅक्सी करताना नागमोडी जावं लागतं. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी वायव्य-आग्नेय, त्यामुळे पश्चिमेचा वारा तिरका येतो आणि उतरल्यावर पाय पेडलवरून क्षणभरही ढिले सोडता येत नाहीत. डांबरीपेक्षा गवतावर हे विमान जास्त शहाण्यासारखं वागतं, पण आपल्याकडे गवत कुठे?

मे महिन्यात मी फक्त पहाटेच उडालो. विमानतळाची उंची हजार फुटांच्या आसपास, पण पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आपण चार-पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. ९० तले दहाबारा घोडे तिथेच गळतात. शेजारी वजनदार मित्र बसला असेल तर दुपारचा विचारही नको.

वेग? वाऱ्याविरुद्ध निघालो की खालून समृद्धीवरच्या गाड्या पुढे जातात. पेट्रोल तासाला वीस लिटरच्या आसपास. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये अ‍ॅव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) देशातच काढायला सुरुवात केली तेव्हापासून पुरवठ्याची धाकधूक कमी झाली म्हणतात, पण एक लक्षात ठेवा: हे इंजिन ८० ऑक्टेनसाठी बनलेलं, हल्लीच्या इंधनात शिसं कितीतरी जास्त. खालचे स्पार्क प्लग काळे होत राहतात. जमिनीवर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, ठेवायचं आणि प्लग वेळच्या वेळी काढून साफ करायचे.

इंजिनाचे सुटे भाग परदेशातून येतात, वेळ लागतो पण येतात. सांगाड्याचं तसं नाही. एखादा ब्रॅकेट गेला तर बनवून घ्या, आणि मग तो मंजूर करून घ्या. कागद हा या छंदातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग. दर वर्षीची तपासणी, प्रत्येक उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन आणि एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) नंबर. नुसतं "चल, चक्कर मारून येऊ" असं इथे होत नाही. शिवाय कुंभारीण माशी: चार दिवस झाकण विसरलात की वेग मोजणाऱ्या पिटो नळीत मातीचं घर तयार.

हे घ्यावं कुणी? टेल-ड्रॅगरवर, म्हणजे अशा शेपटीला चाक असलेल्या विमानावर, आधी हात बसलेला आहे, हँगर घरापासून अर्ध्या तासात आहे आणि शनिवार-रविवार ग्रीसमध्ये घालवायला हरकत नाही, अशांनी. कुठे पोचायचं असेल तर रेल्वे आहेच. मी विकणार नाही. या हिवाळ्यात उजवा पंख उघडून त्या स्पारला नवं वॉर्निश द्यायचंय, आणि आत काही निघालं तर खर्च वाढेल, त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. काका म्हणतात डिसेंबरात सुरू करू, हवा कोरडी असते.