युंगफ्राउयोख, टिटलिस की रिगी? सहकुटुंब एका दिवसासाठी कोणता डोंगर निवडावा

स्वित्झर्लंडच्या सहलीत पर्वतासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर बहुतेक मराठी कुटुंबे उंचीचा आकडा पाहून निर्णय घेतात. खरे तर मुक्काम कोठे आहे, बरोबर किती वयाची माणसे आहेत आणि त्या सकाळी आकाश कसे आहे, या तीन गोष्टींवर तो घ्यायला हवा.

युंगफ्राउयोखचे स्थानक ३४५४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक उंचीवर आहे आणि ते युरोपातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक आहे. १९१२ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून खोदलेल्या बोगद्यातून वर जातो. वाटेत आइसमेअर येथे गाडी काही मिनिटे थांबते आणि कड्यात कोरलेल्या खिडक्यांतून थेट हिमनदी दिसते. वर पोहोचल्यावर आल्प्समधील सर्वांत लांब आलेच हिमनदी समोर पसरलेली असते, आणि आकाश निरभ्र असेल तर या दृश्याला इतर दोन ठिकाणी तोड नाही. मात्र ढग असतील तर बर्फाचा महाल आणि उपाहारगृह एवढ्यावरच समाधान मानावे लागते, आणि त्यासाठी पायथ्याकडच्या इंटरलाकेन गावाहून हंगामात माणशी दोनशे फ्रँकांच्या पुढे जाणारे परतीचे पूर्ण भाडे मोजणे मला तरी पटत नाही. २०२० च्या डिसेंबरात ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही केबल कार सुरू झाल्यापासून वेळ वाचतो हे खरे. तरीही झ्युरिकमध्ये मुक्काम ठेवून हे एका दिवसात उरकायचे म्हटले, तर जाण्यायेण्यातच निम्म्याहून अधिक दिवस संपतो आणि मुले परतीच्या गाडीत झोपलेली असतात.

टिटलिसचे गणित अधिक सोपे आहे. लुत्सर्नहून रेल्वेने पाऊण तासात एंगेलबर्ग येते, तेथून केबल कारने श्टांड या मधल्या स्थानकापर्यंत आणि पुढे रोटेअरने सुमारे ३०२० मीटरवर पोहोचता येते. १९९२ पासून चालणारी रोटेअर ही जगातील पहिली फिरती केबल कार असून वर जाताना ती स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते. त्यामुळे खिडकीशी जागा कोणी पटकावायची, यावरून होणारी मुलांची भांडणे आपोआप मिटतात. वर बर्फात खेळणे, हिमगुहा आणि शंभर मीटर लांबीचा, जेमतेम एक मीटर रुंदीचा झुलता पूल एवढे सगळे दोन-तीन तासांत निवांत होते. शाहरुख आणि काजोल यांच्या कटआउटशेजारी छायाचित्रासाठी लागणाऱ्या रांगेत मराठी कानावर पडण्याची शक्यताही बरीच असते, ती काहींना हवीशी वाटेल आणि काहींना नाही. ज्यांना मुलांच्या हाती बर्फ द्यायचा आहे आणि ज्यांचा मुक्काम लुत्सर्नला आहे, त्यांनी फार विचार न करता टिटलिस घ्यावा. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी मात्र आधी खात्री करावी, कारण देखभालीसाठी येथील केबल कार नोव्हेंबरमध्ये काही दिवस बंद असतात.

रिगी १७९८ मीटरचा, कळसूबाईपेक्षा थोडाच उंच, आणि उन्हाळ्यात तेथे बर्फ मिळत नाही. म्हणून सहल कंपन्यांच्या जाहिरातींत तो मागे पडतो. परंतु आजी-आजोबा बरोबर असतील तर माझे मत निःसंशय रिगीकडे झुकते. लुत्सर्नहून बोटीने सुमारे तासाभरात फिट्सनाउ, आणि तेथून १८७१ मध्ये सुरू झालेली, युरोपातील पहिली दातेरी चाकांची डोंगरी रेल्वे, असा हा प्रवासच निम्मी सहल असतो. शेवटच्या स्थानकापासून माथ्यापर्यंत थोडी चढण आहे, ती चढवत नसेल तर स्थानकाजवळच्या बाकावरूनही सरोवरे आणि हिमशिखरांची रांग दिसते.

उंचीचा त्रास हा केवळ वृद्धांचा प्रश्न नाही. युंगफ्राउयोखवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे जिना भराभर चढला की धडधाकट माणसालाही दम लागतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आणि तान्हे मूल बरोबर असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. केबल कारमध्ये कान दडतात, तेव्हा लहानग्यांना पाणी किंवा चघळायला गोळी द्यावी.

पैशांच्या दृष्टीने स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे, बस आणि बोटीचा पास) जवळ असेल तर फरक मोठा पडतो: रिगीची रेल्वे आणि बोट दोन्ही त्यात येतात, टिटलिसच्या केबल कारवर निम्मी सवलत मिळते आणि युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर केवळ पंचवीस टक्के. पासबरोबर मोफत मिळणारे फॅमिली कार्ड मागून घ्यावे, त्यावर ६ ते १५ वर्षांची मुले पालकांसोबत विनामूल्य प्रवास करतात. जेवणासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी बरोबर ठेवली, तर वरच्या उपाहारगृहातील खर्च टळतो.

लुत्सर्नला दोन रात्री असतील तर टिटलिसचे तिकीट आधी काढू नये. तिन्ही ठिकाणांचे थेट कॅमेरे इंटरनेटवर दिसतात, ते सकाळी न्याहारीच्या वेळी पाहावेत आणि वर धुके दिसल्यास त्या दिवशी शहर व सरोवर पाहून डोंगर दुसऱ्या दिवसावर ढकलावा. युंगफ्राउयोखसाठी गर्दीच्या महिन्यांत आसन आधी राखावे लागू शकते, आणि म्हणूनच इंटरलाकेन परिसरात किमान दोन मुक्काम नसतील तर तो बेत आखूच नये.