वाळीत टाकलेल्या भावाचा शोध : 'द लॉस्ट मॅन'

'द लॉस्ट मॅन' या कादंबरीच्या सुरुवातीला, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या ओसाड अंतर्भागात, ऐन उन्हाळ्यात येणाऱ्या नाताळच्या तोंडावर, ब्राइट कुटुंबातील मधला भाऊ कॅमेरॉन एका गुराख्याच्या जुन्या थडग्यापाशी मृतावस्थेत सापडतो. आसपास दुसरा आडोसाच नसल्याने थडग्याच्या दगडाची सावली जशी सरकली तसा तोही सरपटत गेला, हे धुळीत उमटलेल्या वर्तुळावरून कळते. त्याची गाडी मात्र सुमारे नऊ किलोमीटरवर सुस्थितीत उभी असते आणि तिच्यात पाण्याचा व खाण्याचा भरपूर साठा असतो. त्या मुलखात ज्याचा जन्म गेला, तो माणूस गाडी सोडून गेलाच कसा?

जेन हार्पर यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरवतो तो पोलीस नव्हे, तर थोरला भाऊ नेथन, आणि माझ्या मते कादंबरीचे खरे बळ त्याच्यातच आहे. काही वर्षांपूर्वी रस्त्याकडेला अडचणीत सापडलेल्या आपल्या माजी सासऱ्याला पाहूनही तो न थांबता निघून गेला होता. जिथे मदतीला दुसरे वाहन कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे हा अपराध अक्षम्यच. म्हणून साऱ्या गावाने त्याला वाळीत टाकले. घटस्फोट झालेला, मुलगा झँडर आईकडे ब्रिस्बेनला, आणि सख्ख्या भावाचे घर गाडीने तीन तासांवर असूनही जाणे-येणे जवळजवळ बंद, अशा एकांतात तो दिवस काढतो. हार्पर त्याच्या चुकीचे समर्थन करत नाहीत, ती धुऊनही टाकत नाहीत, आणि नेमके हेच मला फार मोलाचे वाटले. अपराध तेवढाच राहतो. मात्र ज्याला गावाने सज्जन मानले त्या कॅमेरॉनच्या घरातले वातावरण जसजसे उघडे पडते, तसतसा माफी कोणाला आणि कशाच्या बळावर द्यायची, याचा वाचकाने मनाशी बांधलेला हिशेब विसकटत जातो.

या तिन्ही भावांवर त्यांच्या मारकुट्या बापाची, कार्लची, सावली आहे. मार खाल्लेल्या मुलांपैकी कोण बापासारखा होतो आणि कोण होत नाही, हा धागा लेखिकेने शेवटपर्यंत सुटू दिलेला नाही. झँडर आणि नेथन यांच्यातील अवघडलेले, अर्धवट राहणारे संवाद तर अतिशय खरे उतरले आहेत; बापाची काळजी वाटणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला ती काळजी बोलून दाखवता येत नाही, हे त्यांत फार हळुवारपणे आले आहे.

धाकटा भाऊ बब मात्र त्या मानाने उपरा राहतो आणि मधल्या भागात घरातील संशयाची तीच ती आवर्तने थोडी लांबली आहेत. धक्क्यांमागून धक्के हवे असणाऱ्या वाचकाला हा संथपणा जाचेल. ज्यांना भाऊबंदकीच्या कथेत माणसे वाचायची आहेत, त्यांनी ही कादंबरी अवश्य घ्यावी, आणि शेवट कोणाकडूनही आधी ऐकू नये.