सीएलए, फिश ऑइल की एमसीटी, चरबी कमी करायची तर यातलं काय घ्यावं?

सीएलए (कॉन्जुगेटेड लिनोलेइक ॲसिड), फिश ऑइल म्हणजे माशाचं तेल, आणि एमसीटी (मध्यम साखळीचं फॅट असलेलं तेल), डब्यावर "फॅटी ॲसिड" लिहिलंय म्हणून ही तिन्ही एकाच कामाची असतील असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग प्रश्न येतो की तिघांतलं जास्त स्ट्राँग कुठलं. पण तिघांची कामं पार वेगळी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते, फक्त चरबी उतरवायची असेल तर सीएलए आणि फिश ऑइलवर पैसे घालू नका, आणि एमसीटी घेतलंच तर ते रोजच्या तेलाच्या जागी घ्या, वरून ॲड करू नका. आता का ते सांगते.

सीएलएपासून सुरू करू, कारण "फॅट बर्नर" म्हणून सगळ्यात जास्त हेच विकलं जातं. १९९७ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला, त्यात सीएलए दिलेल्या उंदरांची चरबी बाकीच्यांपेक्षा निम्म्याहून कमी भरली, एवढा मोठा आकडा बघितल्यावर कोणालाही वाटणारच की औषध सापडलं. माणसांत मात्र तसं काही झालं नाही. २००७ मध्ये १८ ट्रायल (माणसांवरच्या चाचण्या) एकत्र करून हिशोब केला गेला तेव्हा रोज ३.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी डमी गोळीवाल्यांपेक्षा आठवड्याला साधारण ९० ग्रॅम जास्त उतरली, म्हणजे तीन महिने न चुकता घेतलं तर एक किलोच्या आसपास, आणि सहा महिन्यांनंतर तो वेगही मंदावत जातो. २०१२ मध्ये सहा महिने किंवा त्याहून लांब चाललेल्या ट्रायल वेगळ्या काढून बघितल्या तर चरबीत फरक सुमारे १.३ किलो आणि वजनात फक्त ०.७ किलो. फरक आहे, मी नाही म्हणत नाही, पण आरशात दिसेल असा नाही.

आणि यात अजून एक गोष्ट आहे जी डब्यावर कोणी लिहीत नाही. दुधात आणि मांसात नैसर्गिक सीएलए असतं ते बहुतेक एका प्रकारचं असतं, सिस-९ ट्रान्स-११. कॅप्सूलमधलं सीएलए करडईच्या तेलावर प्रक्रिया करून बनवतात, त्यात साधारण अर्धं हे आणि अर्धं दुसरं, ट्रान्स-१० सिस-१२. चरबीवर परिणाम करणारं मुख्यतः हे दुसरं आणि त्रास देणारंही तेच. उंदरांत चरबी गेली खरी पण यकृतात फॅट साठलं आणि इन्सुलिन नीट काम करेनासं झालं. पोट सुटलेल्या, मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, शुगर, बीपी असं एकत्र वाढलेलं) असलेल्या पुरुषांना हा प्रकार शुद्ध स्वरूपात दिला तेव्हा त्यांचाही इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, वाढला. आता विचार करा, पोटाचा घेर कमी करायला हे घेणाऱ्यांत शुगर बॉर्डरवर असलेले किती जण असतील, त्यांनी तर याच्या वाटेला अजिबात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः चार महिने घेतलं होतं, पोट सतत बिघडायचं, आणि पट्टा होता त्याच भोकात राहिला.

फिश ऑइलचं प्रकरण सोपं आहे. चांगली गोष्ट आहे, पण दुसऱ्या कामाची. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातलं एक प्रकारचं फॅट) खूप वाढले असतील तर डॉक्टर रोज ४ ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ (फिश ऑइलमधलं कामाचं फॅट) देतात आणि ते २० ते ३० टक्के खाली येऊ शकतात, हा भरवशाचा फायदा आहे. वजनाचं म्हणाल तर काही छोट्या ट्रायलमध्ये डाएटसोबत थोडा फरक दिसला पण सगळ्या एकत्र केल्या की वजनावर परिणाम जवळपास दिसतच नाही. लोक इथे अजून एक चूक करतात, कॅप्सूल १००० मिलीग्रॅमची म्हणजे ओमेगा-३ पण १००० असं धरतात. मागची बारीक अक्षरं वाचा, साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० (हे ओमेगा-३ चे दोन प्रकार) म्हणजे मिळून ३०० मिलीग्रॅमच असतं, बाकी नुसतं तेल. त्या हिशोबाने ३ ग्रॅम गाठायला दहा कॅप्सूल लागतील, तेलाच्याच नव्वदेक कॅलरी पोटात जातील. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर विचारल्याशिवाय जास्त डोस घेऊ नका, मोठ्या ट्रायलमध्ये जास्त डोसवर एट्रियल फिब्रिलेशनचं (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक आजार) प्रमाण थोडं वाढलेलं दिसलंय. ओमेगा ३-६-९ वाला कॉम्बो तर सोडूनच द्या, ६ आणि ९ रोजच्या जेवणातून मिळतंच.

राहिलं एमसीटी. याची गंमत अशी की हे मध्यम साखळीचं फॅट आतड्यातून थेट यकृताकडे जातं आणि तिथे पटकन जाळलं जातं, साठायला कमी मिळतं, शिवाय ग्रॅमला ९ ऐवजी ८.३ च्या आसपास कॅलरी. २०१५ मध्ये १३ ट्रायलचा एकत्र हिशोब आला त्यात वजन सरासरी अर्धा किलो आणि कंबर दीड सेंटीमीटरच्या आसपास जास्त कमी झाली. पण त्या ट्रायलमध्ये नेहमीचं तेल काढून त्याच्या जागी एमसीटी दिलं होतं, हे शंभरदा सांगावंसं वाटतं, कारण लोक सकाळी कॉफीत एक मोठा चमचा ओततात आणि बाकी जेवण आहे तसंच ठेवतात. त्या एका चमच्यात ११५ च्या आसपास कॅलरी आहेत. महिनाभर रोज वरून घेतलं तर साडेतीन हजार कॅलरी जास्त, आणि एक किलो चरबी म्हणजे ७,७०० धरतात, तुम्हीच बघा काटा कुठल्या बाजूला जाईल.

घ्यायचंच असेल तर लेबलवर सी-८ आणि सी-१० (एमसीटीतली मुख्य फॅटी ॲसिडं) आहे का ते बघा. खोबरेल तेल म्हणजे एमसीटी नव्हे, त्यातलं जवळपास अर्धं लॉरिक ॲसिड असतं आणि ते शरीरात बरंचसं लांब साखळीच्या फॅटसारखंच वागतं. सुरुवात एका छोट्या चमच्याने करा, एकदम जास्त घेतलं तर जुलाब होतात, आणि तळायला वापरू नका, लवकर धूर येतो, सॅलडवर वगैरे घाला आणि तेवढं दुसरं तेल त्या दिवशी कमी करा.