मालवणची एक डुबकी की पूर्ण कोर्स?

आर्वीकडचा चुलतभाऊ विचारतो, स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकायचंय पण छातीत धडधड होते, काय करू? जाहिरातीत सगळेच हसतात, ते सोड. मालवणची ट्राय डाइव्ह, म्हणजे अनुभवापुरती एकच डुबकी, स्वस्त, अर्ध्या दिवसात आटोपते, पोहणं येत नसलं तरी चालतं. प्रशिक्षक धरूनच ठेवतो, त्यामुळे भीती दबते, जात नाही. ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला पूर्ण कोर्स, महाग, तीन-चार दिवसांचा, पोहणं हवंच. पण उथळ पाण्यात मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायला लावतात आणि नाकाने फुंकून काढायला शिकवतात. धडधड तिथंच उतरते. विहिरीत सूर मारणाऱ्या आपल्या पोरांना श्वास रोखायची सवय. इथं तो रोखायचाच नाही, वर येताना रोखला तर फुप्फुसाला इजा होते. नुसते मासे पाहायचे तर मालवण. जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत उतरायचं असेल तर कोर्सच कर बाप्पा.