चौदा महिने, १९७८ ची फियाट आणि न मारलेला रंग

गाडी दारात आली त्या दिवसापासून सगळे एकच विचारतायत, "रंग कधी मारणार?" पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो, वॉचमन विचारतो. सासऱ्यांनी तर अर्धा खर्च मी देतो म्हणून सांगितलं. रंग मारायचा नाहीये, हे लोकांना समजावण्यात माझा जेवढा वेळ गेलाय तेवढा गाडीखाली आडवं पडण्यातही गेला नसेल.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, पण सोलापुरात आजही कुणी पद्मिनी म्हणत नाही. फियाट म्हणतात, आणि एका अर्थी बरोबरच म्हणतात. कारण ही मूळची इटालियन फियाट ११००. त्यातलं डिलाइट मॉडेल १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागलं आणि तीच गाडी नावं बदलत पुढं चालत राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगलगतच्या दांडीचा हँडल गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढं एकसंध लांब सीट. पॉवर स्टिअरिंग वगैरे विसरा. पार्किंग करताना खांद्याचा व्यायाम होतो.

रेल्वे लाइन्स भागातल्या एका डॉक्टरांच्या घरची, पहिल्यापासून एकाच मालकाची गाडी. डॉक्टर गेले, मुलं पुण्याला, गाडी अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये. मी बघायला गेलो तेव्हा बोनेटवर कबुतरांचा संसार होता. पण आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळला, आणि तिथंच माझा निर्णय झाला. या गाड्यांतल्या कितीतरी जणींची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवलेली असतात, कुणाला गॅस किट असतं, कुणाचा गियर खाली फ्लोअरला आणलेला असतो. हिला कुणी हात लावलेला नव्हता. रंग कंपनीचा, काचा कंपनीच्या, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, कार्बोरेटर, प्लगांना स्पार्क वाटून देणारा डेलको, सगळं मूळचं. डॉक्टर दुसरं काही बदलू देत नसत, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं. "बाबा चिकट होते," असं ती म्हणाली. त्या चिकटपणाचे मी एक लाख पस्तीस हजार मोजले.

रंगाचं आधी सांगतो. रंग फिका राखाडी-निळा. पहिल्या रविवारी पांढरा सोलापुरी नॅपकिन आणि थोडं पॉलिश घेऊन बसलो. दहा मिनिटांत नॅपकिन निळा. घाबरलो, वाटलं गाडी सोलून निघाली. नंतर कळलं, जुन्या रंगावर आजच्यासारखा क्लिअर कोटचा थर नसतो. पॉलिश लावून पुसलं की रंगच फडक्यावर येतो. म्हणजे दर वेळी चमकवताना तुम्ही गाडीचा थोडा थोडा रंग पुसून टाकत असता. तेव्हापासून पॉलिश बंद. ओलं फडकं, मग कोरडं फडकं, संपलं. ड्रायव्हरच्या दारावर, काच खाली करून कोपर ठेवतात त्या जागी, रंग जाऊन खालचा तांबूस प्रायमर दिसतो. हाताच्या पंजाएवढा अंडाकृती डाग आहे. पस्तीसेक वर्षं डॉक्टरांचा कोपर तिथं होता. आता माझा असतो, आणि गंमत म्हणजे तो बरोबर तिथंच पडतो.

एमआयडीसीतला एक पेंटर म्हणाला, "मालक, लांबी (पुट्टी) भरून असा हात मारतो, आरशागत करून देतो." करेलही. पण नवा रंग मारायचा तर आधी हा घासावा लागणार. मग कोपर गेला, डिकीच्या झाकणावरचा हमालाच्या दोरीचा ओरखडा गेला, आणि एकदा गेला की कुठल्याच गॅरेजात परत मिळत नाही. अमेरिकेत पेबल बीचच्या प्रदर्शनात २००१ पासून अशा न सजवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवतात, हे मी सासऱ्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "तिथं ऊन नसेल."

ऊन हा मुद्दा खरा आहे. अशी गाडी विकत घ्यायला लोक मुंबईला जातात. माझं मत, कोरड्या गावातली बघा. मुंबईच्या दमट हवेत पत्रा खालून सडतो, वरून रंग मारलेला असला तर कळतही नाही. सोलापूरच्या हवेत पत्रा वाचला. फ्लोअर मी स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून पाहिला, मागच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक, बाकी ठणठणीत. पण जे पत्र्याचं वाचलं ते रबराचं गेलं. दारांची बीडिंग, पुढच्या त्रिकोणी काचांची रबरं बिस्किटासारखी तुटतात. पहिल्या पावसात पाणी त्रिकोणी काचेतून थेट मांडीवर.

आता खरा त्रास.

मे महिन्यात एका गुरुवारी अक्कलकोटला निघालो. दुपारी निघायची चूक माझी. वळसंगच्या अलीकडं गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. पेट्रोल आहे, स्पार्क आहे, गाडी नाही. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला, इंजिनानंच चालणारा. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, वर इंजिनाची धग, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. बायकोच्या पिशवीतला नॅपकिन घेतला, प्यायच्या पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळला. नॅपकिनमधून वाफ निघताना डोळ्यांनी दिसत होती. एक शेतकरी मोटारसायकल थांबवून जरा वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "जुनी हाय की भाऊ. जरा दमू द्या तिला." दहा मिनिटांनी गाडी चालू. तेव्हापासून डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि दोन नॅपकिन कायम. उन्हाळ्यात अकरा ते पाच गाडी बाहेर काढत नाही.

दुसरं दुखणं पेट्रोलचंच. आता मिळतं ते ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. १९७८ च्या रबराला ते सोसत नाही. पंपातला पेट्रोल ओढणारा रबरी पडदा फुगला, पाइप आतून चिकट झाला, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत. तीन वेळा जेट साफ केले. आपला जिल्हा उसाचा, जिकडं बघावं तिकडं कारखान्याची चिमणी, आणि त्याच उसाचं इथेनॉल माझ्या फियाटचा पडदा खातंय. तक्रार कुणाकडं करणार, चुलत्याचाच ऊस जातो की कारखान्याला. उपाय सोपा निघाला : इथेनॉल सोसणारे नवे पाइप, नवा पडदा, मध्ये एक छोटा पारदर्शक फिल्टर. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची.

हे पाइप मूळचे नाहीत, मग गाडी मूळची कशी, असं तुम्ही म्हणाल. मलाही तो किडा होता. तिसऱ्या महिन्यात निघाला. सात रस्त्याला सिग्नलला थांबायला पाय दाबला तर पेडल सरळ जमिनीला. परत दाबलं, परत दाबलं, तिसऱ्या दाबाला थोडं काहीतरी लागलं, बाकी हँडब्रेकनं केलं. पुढच्या रिक्षात आणि माझ्यात वीतभर अंतर. मागच्या चाकातल्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचा रबरी कप फाटून ब्रेक ऑइल सगळं ड्रममध्ये. मेकॅनिकनं ड्रम उघडून दाखवला, काळा चिखल. म्हणाले, "मालक, हे ओरिजिनलच होतं बघा. पाहिजे तर घरी नेऊन पूजा करा." त्या दिवशी चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, ब्रेकचे पाइप, सगळं नवं टाकलं. टायरही नवे. यात भावना आणायची नाही.

मेकॅनिकबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. विजापूर वेशीकडं छोटं गॅरेज, वय सत्तरच्या पुढं, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आधी ज्या दोन गॅरेजमध्ये गेलो तिथं गाडी बघितल्याबरोबर यादी सुरू : इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकू, अल्टरनेटर टाकू, इलेक्ट्रिक पंप टाकू, गियर खाली घेऊ. चाचांनी बोनेट उघडलं, डेलकोची टोपी काढली, पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला, फट बघितली, टोपी लावली. "चालू आहे ना? मग राहू द्या की." पन्नास रुपये. चालू असलेल्या वस्तूला हात न लावणारा मेकॅनिक मिळाला नाही तर अशी गाडी घेऊच नका, कारण बाकीचे चांगल्या मनानं तुमची गाडी संपवतील.

तसं एकदा माझ्याच हातून झालं. दुसऱ्या महिन्यात पुढची सीट बसून गेली म्हणून एका कुशनवाल्याकडं दिली. रेक्झीन दोन ठिकाणी फाटलं होतं, तेवढंच शिवून दे म्हणालो. संध्याकाळी गेलो तर सीट नव्या काळ्या रेक्झीननं मढवून तयार, आणि जुनं कुठं? "कचऱ्यात गेलं साहेब, कुजलं होतं." चांगलं काम केल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता, त्यामुळं भांडताही आलं नाही. मागच्या सीटचं रेक्झीन अजून मूळचं आहे, मेंदी रंगाचं, उभ्या शिवणीचं. पुढं काळं, मागं मेंदी. रोज दार उघडलं की दिसतं. आणि ते काळं उन्हात असं तापतं की टॉवेल घातल्याशिवाय बसता येत नाही. आता कुठलाही भाग काढायचा झाला तर मी समोर स्टूल टाकून बसतो आणि निघालेला भाग घरी आणतो. माळ्यावर एक पत्र्याची पेटी भरलीय.

डायनॅमो मात्र मी बदलला नाही. आयडलला हेडलाइट पिवळे पडतात, रात्री वायपर आणि लाइट एकत्र लावले की दोन्ही रडतात. अल्टरनेटर टाकला तर प्रश्न मिटेल हे मला माहीत आहे. हा माझा हट्ट आहे, त्याला काही तर्क नाही. रात्री हायवेला जात नाही, एवढीच त्याची किंमत.

सुट्या भागांचं : इंजिनाचे भाग मुंबईत कुर्ल्याच्या दुकानांतून अजून येतात, पण दर वेळी थोडे महाग आणि थोडे कमी. हा बाजार इतकी वर्षं काळ्यापिवळ्या टॅक्सींनी जगवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ज्याला रोज क्लच प्लेट लागायची ते गिऱ्हाईकच गेलं, मग माल कोण बनवणार? किंगपिन सेट, वॉटर पंप किट, डेलकोची टोपी आणि पंपाचे दोन पडदे मी आत्ताच घेऊन ठेवलेत. किंगपिनला, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळ्यांना, दर हजार किलोमीटरला ग्रीस लागतं, विसरलात तर स्टिअरिंग दगड होतं. रेडिएटरला नळाचं पाणी घालू नका, आपल्या पाण्यानं बादल्यांना थर बसतो तर रेडिएटरचं काय होईल?

आकडे हवे असतील त्यांच्यासाठी : चौदा महिन्यांत ४,१०० किलोमीटर, लिटरला अकरा-साडेअकरा, दुरुस्तीवर ६२,००० रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त ब्रेक आणि टायर. रस्त्यात अडकलो पाच वेळा, टोचन करून आणली एकदा. कागदपत्रांत पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, त्याची फी एप्रिल २०२२ पासूनच वाढलीय, वर पर्यावरण कर. विमा थर्ड पार्टी.

नंबर पाटीचं मनाला लागलं. काळ्या पाटीवर पांढरी, हातानं रंगवलेली अक्षरं, एमएच-१३ च्या आधीची तीन अक्षरी मालिका. पेंटरनं आठाचं वरचं वर्तुळ जरा छोटं काढलेलं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली, त्यामुळं ती काढावी लागली. नवी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची पाटी त्या रंगावर अशी दिसते, जशी आजोबांना नातवाची टोपी. जुनी पाटी पेटीत आहे.

घ्यावी का? घरात दुसरी गाडी असेल, मेकॅनिक मिळाला असेल आणि लोकांचं "रंग कधी मारणार" हसून ऐकून घेता येत असेल तर घ्या. ऑफिसला जायला घेणार असाल तर नको.

आता माझ्यापुढं वेगळाच पेच आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणं पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार फी आणि नंबरात व्हीए अक्षरं, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. माझी २०२८ मध्ये बसते, आणि एवढी न बदललेली असल्यामुळंच बसते. पण एकदा व्हिंटेज झाली की रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. परवा रात्री हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मंगळवारची भाजी आता प्रदर्शनातनं आणायची का?"