तेलकट त्वचेचा सेट, सात महिन्यांनंतर: क्रीम चांगलं, पंप मात्र पैसे खातो

काल तिसऱ्यांदा मॉइश्चरायझरची बाटली कटरनं कापली, म्हणून लिहायला बसले.

ऑगस्टमध्ये नाशिकच्या कॉलेज रोडवरून तेलकट त्वचेचा सेट घेतला: फेसवॉश, टोनर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. पावसाळ्यात दुपारपर्यंत नाक-कपाळ चकाकायचं, त्यावरून माझी स्किन ऑइली हे मीच ठरवून टाकलं होतं. दिवाळीपर्यंत चेहरा छान राहिला.

डिसेंबरात बिघडलं. सकाळी सातला स्कूटीवर सातपूर गाठायचं, गार वारं थेट तोंडावर. गाल ओढायचे, ओठांच्या कडेला पापुद्रे, मॉइश्चरायझर लावला की आग. मी त्यालाच दोष दिला आणि बंद केला. मग एका रविवारी चेहरा साध्या पाण्यानं धुऊन तासभर काहीच लावलं नाही. नाक-कपाळावर टिश्यू दाबला तर तेलाचा डाग, गालावर अगदी कोरडा. म्हणजे त्वचा मिश्र! आणि मी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश दिवसातून तीनदा गालांवरही चोळत होते. हे ॲसिड तेलात विरघळतं, छिद्रांत उतरतं. नाकाला उत्तम, माझ्या कोरड्या गालांना नाही. आता तो फेसवॉश फक्त रात्री, नाक-कपाळ-हनुवटीला. गालांना ग्लिसरीनचा साधा क्लेन्झर. तीन आठवड्यांत आग थांबली आणि नायसिनमाइड-सिरॅमाइडचा (त्वचेचा ओलावा टिकवणारे घटक) तोच मॉइश्चरायझर पुन्हा मानवू लागला. माझं आधीचं मत मी मागे घेते.

टोनर अर्धा पडून आहे, परत घेणार नाही. सनस्क्रीन ठीक. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० असेल तर साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण, अडतात; ५० असेल तर साधारण ९८. त्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे मोजले नाहीत, त्यापेक्षा दोन बोटं भरून लावते.

पण तो पंप! ५० मिलीची बाटली, ४९५ रुपये. सत्तेचाळीस दिवसांनी पंप नुसती हवा सोडतो. उलटी ठेवली, तळहातावर आपटली, काही नाही. कापली तर तळाशी आणि कडांना जाड थर! खरवडून काचेच्या डबीत भरला, तेरा दिवस पुरला. म्हणजे शंभरावर रुपयांचं क्रीम कचऱ्यात जाणार होतं. कस्टमर केअरला फोटो पाठवले. तिसऱ्या मेलनंतर उत्तर आलं, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. मला सूट नको, ट्यूब द्या. साधी, पिळता येणारी ट्यूब.

चौथी बाटली घेतली आहे, कारण गालांना हेच मानवतं. झाकणावर मार्करनं तारीख टाकलीय, आणि कटर आता बाथरूमच्या फळीवरच असतो.