खिडक्या बदलायच्या: कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर की यूपीव्हीसीचा डीलर?

ठाण्यातल्या मावसबहिणीच्या खिडक्या दर पावसाळ्यात गळतात. हातात दोन कोटेशनं: एक अ‍ॅल्युमिनियम फॅब्रिकेटरचं (खिडक्या बनवून बसवणारा कारागीर), दुसरं यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या खिडक्या) कंपनीच्या डीलरचं.

खर्चात फॅब्रिकेटर बहुधा स्वस्त. मात्र भाव चौरस फुटाचा असतो. त्यात जुनी फ्रेम काढणं, डेब्रिज उचलणं, जाळी, सिलिकॉन धरलंय का, हे लिहून घ्यायचं. सेक्शनची, म्हणजे फ्रेमच्या धातूच्या पट्टीची, जाडीही विचारायची, कारण पातळ आणि जाड सेक्शन रंगवल्यावर सारखेच दिसतात.

गळतीचं म्हणाल, तर आधी माणूस बघा, मग माल. यूपीव्हीसीचे कोपरे कारखान्यात वितळवून जोडतात, त्यामुळे तिथून पाणी येण्याची शक्यता कमी. अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रूने जोडलेले असतात. पण पाणी बरेचदा येतं ते फ्रेम आणि भिंतीमधल्या फटीतून, नाहीतर सिलचा (खिडकीखालच्या कट्ट्याचा) उतार आत असल्यामुळे. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं हवीत. हे न बघता नुसतं माप घेऊन निघणारा कारागीर, मग तो कंपनीचा का असेना, नको.

रस्त्याचा आवाज अडवायचा तर रबर गॅस्केटची (कडेने रबरी पट्टी असलेली), दारासारखी उघडणारी यूपीव्हीसी खिडकी सरकत्या खिडकीपेक्षा सरस. दुरुस्तीत उलट: रोलर झिजला की फॅब्रिकेटर लगेच बदलतो, कंपनीच्या सुट्या भागांची वाट बघावी लागते.

भाड्याने द्यायचं घर असेल किंवा फक्त रोलर-लॉक बिघडले असतील, तर फॅब्रिकेटर. हमरस्त्यालगत स्वतः राहायचं असेल, तर यूपीव्हीसी. बहिणीला मी आधी फटी भरून घ्यायला सांगितलंय.